मॅगीला खाली घेऊन ये

श्रोतेहो, नमस्कार.

एकाच घरात वाढणाऱ्या भावंडांची एकमेकांवरची निष्ठा कशी घडते, आणि वय वाढत गेले की ती कोणाकोणाकडे सरकत जाते, याविषयी आज बोलायचे आहे. त्यासाठी मी एकच कादंबरी निवडली आहे. जॉर्ज एलियट या नावाने लिहिणाऱ्या मेरी अ‍ॅन इव्हान्स या इंग्रज लेखिकेची ‘द मिल ऑन द फ्लॉस’ ही कादंबरी 1860 साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. फ्लॉस नदीच्या परिसरातील डॉर्लकोट नावाची पाणचक्की, ती चालवणारे टलिव्हर कुटुंब, आणि त्या घरातली दोन मुले: मोठा टॉम आणि त्याच्याहून धाकटी, नऊ वर्षांची मॅगी. ही दोघे भांडतात आणि पुन्हा एक होतात. ती एक होतात ती कोणामुळे, एवढ्या एकाच गोष्टीकडे आपण लक्ष ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

सशांचा प्रसंग मला या कादंबरीत सर्वांत प्रिय आहे, आणि तो मी सविस्तर सांगणार आहे.

टॉम शाळेतून घरी येतो. मॅगी कितीतरी दिवस त्याची वाट पाहत असते. टॉमच्या खिशात तिच्यासाठी मासे धरण्याची नवी दोरी असते. ती घेता यावी म्हणून त्याने शाळेतल्या मुलांबरोबर खाऊसाठी वर्गणी दिलेली नसते, आणि त्यापायी मारामारीही केलेली असते. उद्या दोघांनी तळ्यावर मासे धरायला जायचे, असा बेत तो तिथल्या तिथे सांगून टाकतो. मॅगीला आपल्या भावाहून चांगला माणूस जगात दिसत नाही. तेवढ्यात टॉम म्हणतो, चल, आता माझे ससे बघू.

मॅगीच्या काळजाचा ठोका चुकतो. टॉमने जाताना ससे तिच्यावर सोपवलेले असतात, आणि त्यांना खायला घालायचे ती साफ विसरलेली असते. ती आधी आडून विचारते, सशांना किती पैसे पडले होते? माझ्याकडचे पैसे मी तुला देते, तू नवे ससे घे. टॉमला कळेना, नवे ससे कशाला? तेव्हा तिच्या तोंडून निघते, की ते सगळे मेले. टॉम जागच्या जागी थांबतो. आधी तो ससे सांभाळायला सांगितलेल्या हॅरी या नोकरावर चिडतो, आणि मग बहिणीकडे वळून सांगतो की तू मला आवडत नाहीस, उद्या तू माझ्याबरोबर यायचे नाहीस. मॅगी रडते, त्याच्या हाताला धरून क्षमा मागते, तू काही विसरला असतास तर मी तुला क्षमा केली असती, असे म्हणते. टॉम उत्तर देतो की मी विसरतच नाही. मग तो तिचे जुने अपराधही मोजून दाखवतो. गोळ्यांच्या डबीवरचा रंग तिने चाटला होता, त्याच्या पतंगातून डोके घातले होते, राखायला सांगितलेली त्याची मासे धरण्याची दोरी होडीला ओढून नेऊ दिली होती. एवढे बोलून तो निघून जातो.

मॅगी माळ्यावर पळते. त्या माळ्यावर तिची एक लाकडी बाहुली असते. राग आला की ती तिच्या डोक्यात खिळा ठोकत असे. आज मात्र राग नसतो, नुसते दुःख असते. पिंपामागे लपून बसायचे, उपाशी राहायचे, रात्रभर इथेच थांबायचे, म्हणजे सगळे घाबरतील आणि टॉमला वाईट वाटेल, असे ती ठरवते. पण टॉम येत नाही. तो काठ्या तासत आवारात हिंडत असतो. बहिणीला वाईट वाटत असेल, हे त्याच्या मनातही नसते.

चहाच्या वेळी वडील विचारतात, पोरगी कुठे आहे? टॉम मनुकांचा केक खात असतो. वडिलांना लगेच संशय येतो की या पोराने तिला दुखावले असणार. ते बजावतात: वर जा, मॅगीला खाली घेऊन ये, आणि तिच्याशी नीट वाग, नाहीतर माझ्याशी गाठ आहे. टॉम हातात केकचा तुकडा घेऊन जिना चढतो. शिक्षा सौम्य करावी असा त्याचा मुळीच विचार नसतो, वडिलांनी सांगितले म्हणून तो जातो. पण त्याच्या पावलांचा आवाज ऐकताच मॅगी धावत येऊन त्याच्या गळ्यात पडते, पुन्हा पुन्हा क्षमा मागते, आणि टॉमचा तो कडक न्याय पाघळतो. तो तिला केक देतो, दोघे गालाला गाल लावून तो खातात, आणि दुसऱ्या दिवशी तळ्यावर मॅगीच्या गळाला मोठा मासा लागतो.

श्रोतेहो, पुन्हा सांगतो: टॉम आपल्या मनाने माळ्यावर गेला नाही. त्याला वडिलांनी पाठवले.

बालपणाच्या या भागावर आपण फार रेंगाळलो आणि शेवटची शोकांतिका घाईत उरकली, असे लेखिकेने पुढे पत्रांतून स्वतःच कबूल केले. मला ते रेंगाळणे हवेसे वाटते, आणि कथानक लवकर पुढे जावे म्हणून हीच पाने छाटणाऱ्या संक्षिप्त आवृत्त्या मुलांच्या हाती देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्याच पानांत मावश्या पाहुण्यांसारख्या येऊन मॅगीच्या काळ्या, विस्कटलेल्या केसांची तुलना मावसबहीण ल्यूसीच्या नीटस कुरळ्या केसांशी करतात. मुलांसमोर अशी तुलना करणाऱ्या मोठ्यांना तो भाग मोठ्याने वाचून दाखवावा, असे मला फार वाटते.

आता पुढची कथा. टलिव्हर वकील वेकम याच्याशी संबंधित खटला हरतात आणि घर कर्जात बुडते. वेकमला कधीही क्षमा करणार नाही, असे घरच्या बायबलमध्ये लिही, असे वडील टॉमला सांगतात. हे पाप आहे, असे मॅगी म्हणते. टॉम तिला गप्प करतो आणि लिहितो. दोघेही वडिलांवर जीव टाकणारी आहेत, पण टॉम वडिलांच्या वैराशी निष्ठा ठेवतो आणि मॅगी वडिलांच्या मायेशी. पुढे टॉम काबाडकष्ट करून कर्ज फेडतो, आणि मॅगी त्याच वेकमच्या मुलाला, शरीराने अधू असलेल्या फिलिपला, चोरून भेटू लागते. टॉमला कळते, आणि तो तिला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. त्यानंतर थोड्याच काळात वडील वारतात. मॅगीला खाली घेऊन ये, असे टॉमला सांगणारे आता कोणी उरत नाही.

त्याचा परिणाम तिसऱ्या खंडात दिसतो. ल्यूसीशी ज्याचे लग्न ठरल्यासारखे आहे त्या स्टीफनबरोबर मॅगी नावेतून फार दूर वाहत जाते. लग्नाला नकार देऊन ती एकटी परत येते, तरी गाव तिला दोषी ठरवते. चक्कीच्या दारात टॉम सांगतो की माझ्या घरात तुला जागा नाही. आणि इथे निष्ठा सरकते ती सर्वांत अनपेक्षित ठिकाणी. जिला आयुष्यभर टॉमचे कौतुक होते ती आई पुढे येते आणि म्हणते, मी तुझ्याबरोबर येते, तुला आई आहे. मॅगीला सतत बोल लावणारी कडक ग्लेग मावशीही, रक्ताच्या माणसाला असे टाकायचे नसते म्हणून, टॉमशी भांडते. लहानपणी ज्या बाजूला उभ्या होत्या ती बाजू दोघी सोडतात. टॉम मात्र हलत नाही.

मग फ्लॉसला पूर येतो. मॅगी नाव घेऊन चक्कीपाशी पोहोचते आणि हाका मारते. उत्तर येते ते माळ्याच्या खिडकीतून, आणि तिथे टॉम असतो. या वेळी माळ्यावर अडकला आहे तो भाऊ, आणि बहीण कोणीही न सांगता आली आहे. नावेत बसल्यावर ती किती अंतर कापून, कोणत्या धोक्यातून आली हे त्याच्या ध्यानात येते, आणि तो तिला लहानपणीच्या नावाने ‘मॅग्सी’ म्हणतो. पुरात वाहत आलेल्या लाकडी यंत्रांच्या प्रचंड तुकड्यांखाली ती नाव बुडते. हा शेवट अनेक टीकाकारांना ओढूनताणून आणलेला वाटला आहे. माळ्याची ती खिडकी लक्षात घेतली, तर लेखिका कुठे पोहोचत होती ते दिसते, असे मला वाटते.

लेखिकेलाही आयझॅक नावाचा थोरला भाऊ होता. जॉर्ज हेन्री ल्यूइस या विवाहित लेखकाबरोबर ती 1854 पासून राहू लागली. 1857 साली तिने हे भावाला पत्राने कळवले, तेव्हा आयझॅकने वकिलामार्फत उत्तर धाडले आणि संबंध तोडले. बहिणींनाही त्याने तसे करायला लावले. त्यांतली क्रिसी हिने मात्र 1859 च्या आरंभी, आजारपणात, पत्रे थांबवल्याबद्दल खेद कळवला, आणि मार्चमध्ये ती वारली. ही कादंबरी त्याच वर्षी लिहिली जात होती. यांचे वडील रॉबर्ट इव्हान्स 1849 सालीच गेले होते, त्यामुळे आयझॅकला समज देणारेही कोणी नव्हते. ल्यूइसच्या निधनानंतर मे 1880 मध्ये तिने जॉन क्रॉस याच्याशी कायदेशीर विवाह केला, तेव्हा कुठे, 23 वर्षांनी, आयझॅकचे अभिनंदनाचे पत्र आले. तिने लगेच उत्तर लिहिले, की आपण लहान असताना तुझ्याविषयी जे प्रेम जडले ते इतक्या वर्षांच्या मौनाने कधीच तुटले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती वारली.

नमस्कार.