मसाल्याची चिठ्ठी आणि गूगल

(दादर येथे छोट्या व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागपर्यंत ऐकू येतंय ना? पत्रिकेत विषय छापलाय ‘एसईओची तोंडओळख’. समोर बघतो तर निम्मे स्वतःची वेबसाइट असलेले, आणि निम्मे ‘मुलगा म्हणाला, जाऊन बसा’ म्हणून आलेले. दोघांचंही स्वागत. एसईओ, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात वर दिसावी म्हणून करायची कामं, हे तुम्हाला ठाऊक असणारच, कारण ते करून देतो म्हणणाऱ्यांचे फोन ऐन जेवणाच्या वेळी येतात. ‘सर, तुमची साइट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, गॅरंटी!’ कुणाकुणाला आलाय असा फोन? बघा किती हात. ज्यांचे हात खाली आहेत त्यांची साइट अजून झालेली नाही, एवढंच.

या गॅरंटीचं आधी उरकून घेतो, नाहीतर माझं पोट दुखेल. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. पैसे भरून वर दिसतात त्या जाहिराती, आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलंही असतं. त्याखालच्या यादीत वर सरकवायला गूगल कुणाकडून दमडी घेत नाही. मग फोनवरचा माणूस हमी कशाच्या जोरावर देतो? त्याचं उत्तर लालबागला सापडलं.

लालबागच्या मिरची गल्लीत माझ्या ओळखीच्या एका काकांचं मसाल्याचं दुकान आहे. एप्रिल-मे मध्ये त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. बायका ब्याडगी, काश्मिरी, संकेश्वरी बघून घेतात, देठं काढतात, भाजायला देतात आणि मसाला कुटणाऱ्या डंकापुढे नंबर लावून शिंकत बसतात. (हसताय म्हणजे बसलेल्या आहात तुम्ही.) तर या काकांनी एका कंपनीकडून वेबसाइट करून घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, मला अजून या शहरात धंदा करायचाय. साइट दिसायला झकास. उघडल्याबरोबर स्क्रीनभर लाल मिरच्यांचा ढीग आणि त्यावर सोनेरी अक्षरांत ‘परंपरा. शुद्धता. विश्वास.’ मुंबईत हे तीन शब्द सोनाराच्या बोर्डावर असतात, बिल्डरच्या असतात, दूध डेअरीच्याही असतात. त्यातून इथे मसाला मिळतो हे कुणाला कळावं?

बरं, ते शब्दही फोटोतच कोरलेले. दरपत्रक फोटो, पत्ता फोटो, फोन नंबरसुद्धा फोटो. गूगल हल्ली चित्रं बऱ्यापैकी ओळखतं, पण महत्त्वाचा मजकूर चित्रात घालू नका असं तेच सांगतं. मी इंग्रजीत ‘साइट’, मग कोलन, मग पुढे जागा न सोडता काकांच्या साइटचा पत्ता असं गूगलमध्ये टाकलं. असं टाकलं की त्या साइटची कोणती पानं गूगलच्या यादीत आहेत याचा अंदाज येतो. तुम्हीही आज करून बघा. काकांचं एक पान आलं. त्याचं शीर्षक होतं ‘होम’.

आता खरी मजा. काका दरमहा पैसे भरत होते, आणि दरमहा त्यांना रंगीत आलेखांचा रिपोर्ट येत होता. त्यात ठळक लिहिलेलं, ‘अमुक शब्दांसाठी पहिला क्रमांक’. शब्द कोणते? काकांच्या दुकानाचं संपूर्ण नाव, पुढे लालबाग, पुढे मुंबई! म्हणजे काकांच्या दुकानाचं नाव टाकलं की काकांचं दुकान सापडतं, याचे काका पैसे भरत होते. गॅरंटी ही अशी पाळली जाते.

बिलात आणखी एक ओळ होती, ‘मेटा कीवर्ड्स’. पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी घालायची जागा असते ती. क्रमवारीसाठी आपण ती वापरत नाही, हे गूगलने २००९ साली जाहीर केलंय. आणि पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘मसाला मसाला मसाला’. हे तर सरळ नियमांविरुद्ध. या लपवाछपवीत मोठमोठे पकडले गेलेत. २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने यादीतून काढून टाकली होती, कारण माणसाला एक पान आणि सर्च इंजिनला वेगळंच पान दाखवत होते. बीएमडब्ल्यूला सोडलं नाही, तर आपल्या लवंगी मिरचीला सोडतील?

पण काकांकडे जे हवं ते आधीपासून होतं, आणि आज मला सांगायचंय ते हेच. त्यांच्या गल्ल्याशेजारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. बाई येते, विचारते, ‘काका, एक किलो मिरचीला मालवणीचं प्रमाण काय?’ काका चिठ्ठीवर लिहून देतात. धणे अमुक, बडीशेप तमुक, खसखस, दगडफूल, नागकेशर. आगरी-कोळी मसाल्याची चिठ्ठी वेगळी, सीकेपीची वेगळी. शिवाय प्रश्न ठरलेले. रंगाला कोणती मिरची, तिखटाला कोणती? मसाला वर्षभर टिकायला काय करायचं? डंकावर कुटलेला आणि गिरणीत दळलेला यात फरक काय? पंचवीस वर्षं काका हीच उत्तरं देतायत. त्यातला एक शब्द साइटवर नव्हता!

गूगलला लोक हेच विचारतात हो. ‘परंपरा शुद्धता विश्वास’ टाइप करून कोणी मसाला शोधत नाही. ‘मालवणी मसाला प्रमाण एक किलो’ असं टाकतात, नाहीतर फोन तोंडाशी धरून बोलतात. म्हणून काकांना म्हटलं, प्रत्येक चिठ्ठीचं एक पान करा. तुम्ही बोलता त्याच भाषेत, खरा मजकूर म्हणून. काका म्हणाले, ‘अरे, मग लोक घरीच करतील.’ म्हटलं, मिरची कुठून आणतील? चार-पाच पानं केली. लगेच काही झालं नाही. गूगलला दखल घ्यायला कधी काही दिवस लागतात, कधी काही महिने. मग एक-दोन प्रश्नांना काका पहिल्या पानावर दिसायला लागले. आता तक्रार करतात, की डोंबिवलीहून, नाशिकहून फोन येतात, ‘पार्सल पाठवता का?’ म्हटलं, हे पुढचं पान.

मजकुरावरून आठवलं. इथे डीटीपीवाले कोणी आहेत? जुन्या फॉन्टांत बसवलेली जाहिरात तशीच साइटवर चिकटवू नका. त्या फॉन्टांत आतून अक्षरं रोमन असतात, त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. तुम्हाला ‘मसाला’ दिसतं, गूगलला अर्थहीन रोमन अक्षरं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, आणि तरी परवा मला एका नामवंत संस्थेची साइट अशी दिसली, की… काय? दहा मिनिटं? आत्ताच तर सुरू केलं! हॉल साडेआठला बंद होतो म्हणतायत. बरं, मग पत्रिकेत छापलेला विषय आता पळत पळत.

गूगल तीन कामं करतं. दुव्यांवरून, म्हणजे लिंकवरून, दुवे पकडत पानं शोधतं, ती वाचून सूचीत घालतं, आणि कोणी विचारलं की त्यातली जुळणारी क्रमाने मांडतं. पेज आणि ब्रिन यांनी १९९८ साली कंपनी काढली तेव्हा त्यांची मूळ कल्पना ही, की ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं. आजही दुव्यांना किंमत आहे, पण विकत घेतलेल्या दुव्यांच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या मालाबद्दल कोणी खरोखर लिहिलं, पुरवठादाराने आपल्या साइटवर तुमचं नाव घातलं, तर तो दुवा कामाचा.

प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक द्या. ‘होम’ नको, ‘मालवणी मसाला: एक किलो मिरचीचं प्रमाण’ असं. गूगलच्या यादीत शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनाने क्रमांक वाढत नाही, पण वाचून माणूस आत येतो. फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, लिहा. दृष्टी नसलेल्या माणसालाही तो उपयोगी पडतो. फोटो हलके करा, गाडीत नेटवर्क गेलं-आलं तरी पान उघडायला हवं. गूगल तुमची साइट मोबाइलवर दिसते तशीच वाचतं, म्हणून कॉम्प्युटरवर सुंदर दिसते यावर खूश राहू नका. बरेच लोक मराठी नाव रोमन लिपीत टाइप करतात, ‘मालवणी’तला ‘व’ कोणी ‘व्ही’ने लिहितं, कोणी ‘डब्ल्यू’ने. तेव्हा मालाचं नाव ओघात दोन्ही लिप्यांत येऊ द्या, पण कोंबू नका.

दुकान असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइल आधी भरा, वेबसाइटच्याही आधी. फुकट आहे. पत्ता, वेळा, सुट्टीचा वार, खरे फोटो. जवळपास शोधणाऱ्याला नकाशावर तुम्ही दिसता ते त्यातून. आणि सर्च कन्सोल, तेही फुकट. लोक काय टाइप केल्यावर तुम्ही दिसलात, त्यातले किती आत आले, कोणतं पान सूचीत नाही, सगळं तिथे कळतं. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, तोही तिथेच द्यायचा. त्याचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, साइट करणाऱ्याकडे नको. पुढच्या वेळी रंगीत रिपोर्ट आला की त्याच्याशी ताडून बघा.

हो ताई, तुमचा प्रश्न घेतो, तो शेवटचा. वर्डप्रेसची साइट आहे, वर्ष झालं, नाव टाकूनही सापडत नाही? सेटिंग्जमध्ये जा, रीडिंग उघडा. तिथे खाली एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट सूचीत घेऊ नये, अशा अर्थाचा. साइट बनत असताना लोक त्यावर टिक करतात आणि नंतर काढायला विसरतात. टिक असेल तर काढा, सेव्ह करा, आणि सर्च कन्सोलमधून पहिल्या पानाच्या सूचीकरणाची विनंती पाठवा. टिक नसेल तर खाली जिन्यापाशी भेटा, फोनवर बघून सांगतो.