नेरळचं ७३८

[नेरळ स्थानक, सकाळ. कर्जत लोकल सुटते. फलाट मोकळा होतो.]

नेरळला उतरणारी माणसं दोन प्रकारची. एक घरी जाणारी, दुसरी माथेरानला निघालेली. दुसऱ्यांचा जीव छोट्या गाडीच्या तिकिटात अडकलेला असतो. तिकीट हातात पडलं आणि गाडीला अजून वेळ असला, की पावलं आपोआप इकडे वळतात, या ७३८ नंबरच्या जुन्या वाफेच्या इंजिनाकडे.

[इंजिन ७३८. समोरून, मग बाजूने.]

पोरं वर चढायला बघतात, आया ओरडतात, फोटो निघतात. फोटो सगळे समोरून. गोल तोंड, त्यावर धुराडं, बाजूला हसणारं कुटुंब. दोन दिवस हेच बघितल्यावर आम्ही कॅमेरा उचलला आणि जमिनीवर ठेवला.

[कॅमेरा जमिनीलगत. साइड रॉड, क्रँक.]

चाकं सहा. पण ती आत आहेत, सांगाड्याच्या मागे. बाहेर दिसतात ते क्रँक, म्हणजे चाकं फिरवणारे आखूड हात, आणि त्यांना एकमेकांत गुंफणारा हा लांब दांडा, साइड रॉड. चाकांच्या मधल्या जोडीत विशेष काही नाही. या इंजिनाची गोष्ट आहे ती पहिल्या आणि तिसऱ्या जोडीत.

[घाट. ड्रोनमधून रुळांची नागमोडी रेघ.]

तिथे येऊच. आधी हा डोंगर बघा. नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीला, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी मार्ग उभा केला. १९०४ साली काम सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावली. खर्च १६ लाख रुपये. रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. मार्ग जेमतेम एकवीस किलोमीटरांचा आणि सर्वांत कडक चढ विसास एक: वीस पावलं पुढे गेलात, तर एक पाऊल वर.

[गाडी वळणावर. खिडकीतून शेवटचा डबा दिसतो.]

बोगदा संपूर्ण मार्गावर एकच. ज्यांनी हा मार्ग आखला त्यांनी डोंगर फोडला नाही, डोंगराच्या कडेकडेने गेले. म्हणून ही वळणं. खिडकीतून मान बाहेर काढली की आपल्याच गाडीची शेपटी समोर येते.

प्रवाशाला ही गंमत वाटते. इंजिनासाठी ती परीक्षा असते. आस म्हणजे समोरासमोरची दोन चाकं जोडणारा दांडा. असे तीन आस एका ताठ सांगाड्यात बसवले, तर ते एकमेकांना समांतर राहणार. वळणावर रूळ वाकतो, आस वाकत नाहीत. मग चाकाची कड रुळाला घासते, घासून झिजते, आणि कधी रुळावर चढते. चढली की गाडी घसरली. दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेने यातून सोपी वाट काढली. त्यांच्या बी वर्गाच्या इंजिनांना चाकंच चार, तीही एकमेकांच्या जवळ. त्यातलं एक, ७९४, पुढे नेरळला येऊन राहिलं.

माथेरानला मात्र सहा चाकं हवी होती, आणि सहाही ओढणारी. नुसती वजन पेलणारी चाकं या चढावर काय कामाची?

[टेबल. वायरिंगचा पांढरा पाइप, लोखंडी सळई, मातीचा गोळा.]

यावरचा उपाय आम्ही घरी करून बघितला. वायरिंगच्या पाइपाचा वीतभर तुकडा. आत त्याहून बारीक सळई, आणि सळईच्या मधोमध मातीचा गोळा, पाइपात जेमतेम मावेल एवढा. आता सळई घट्ट धरा आणि पाइपाचं एक टोक ढकला. पाइप तिरका होतो. सळई जागची हलत नाही.

एवढंच. ७३८ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये हेच आहे, पोलादात. आतला आस सांगाड्यात ताठ बसलेला. त्याच्या टोकांना क्रँक, क्रँकला साइड रॉड. त्याच्यावरून दुसरा, पोकळ आस. चाकं या पोकळ आसावर. दोघांची गाठ मधोमध, एका गोलाकार सांध्यात, आणि त्यात एक खीळ. आतला आस फिरला की खीळ बाहेरच्याला फिरवते. पण वळण आलं की बाहेरचा आपल्या चाकांसकट थोडा तिरका होतो, थोडा बाजूला सरकतो, रूळ म्हणेल तसा. ओढणं चालू, वळणंही चालू.

जर्मनीतल्या सॅक्सनीच्या रेल्वेतले क्लीन आणि लिंडनर या दोन इंजिनिअरांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. बर्लिनच्या ऑरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने माथेरानसाठी अशी चार इंजिनं बांधली. पुढे त्यांना मिळालेले क्रमांक ७३८ ते ७४१.

मला विचाराल तर अशा इंजिनाशेजारी तो पाइप आणि ती सळई ठेवायला हवी. रंगाचा नवा हात त्यानंतर दिला तरी चालेल.

[वॉटर पाइप स्थानक. धुकं. डिझेल इंजिन थांबतं.]

हे वॉटर पाइप. नावातच काम सांगितलंय: वाफेच्या इंजिनाला इथे पाणी मिळायचं. चढावर कोळसा खायचं आणि पाणी प्यायचं ते. आता थांबा उरलाय, तहान गेली.

१९५५ पासून जर्मनीची डिझेल इंजिनं आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ बंद झाली. २००५ च्या जुलैच्या पावसाने मार्ग वाहून नेला, २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच, आणि मग २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत वाट.

[रिकामा रूळ, गवत. पाच सेकंद. निवेदन नाही.]

[पुन्हा ७३८. संध्याकाळ.]

चौघांतलं ७३८ हे असं घरीच राहिलं. ७३९ दिल्लीला, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. ७४१ आमच्या कॅमेऱ्यात नाही. आणि ७४० सगळ्यात लांब गेलं. इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड या गावच्या छोट्या रेल्वेवर. तिथेही रूळ दोन फुटीच. मार्ग मात्र पाच किलोमीटरही भरत नाही. नेरळहून तेवढं अंतर गेलं, तर घाटाची नुसती सुरुवात होते.

[एक मुलगा ७३८ समोर वाकतो, चाकांमधून पलीकडे बघतो.]

हा मुलगा आम्ही बसवलेला नाही. कॅमेरा जमिनीवर का ठेवलाय, हे बघायला तो वाकला होता. "काका, आत काय आहे?" एवढंच विचारलं त्याने. पाइप आणि सळई पिशवीतच होती.

[मुलाच्या हातात पाइप. तो एक टोक ढकलतो.]