आधी पाय, मग रंग

नमस्कार मंडळी. आज वळूबद्दल बोलायचंय. मुरबाड, शहापूरला ज्यांच्या गोठ्यात दोन-चार गाई आहेत त्यांच्यासाठी हे बोलणं आहेच, पण ठाण्यात, ऐरोलीत राहून गावच्या गोठ्यात पैसे घालणाऱ्यांनीही कान द्यावा. मोबाइलवर फोटो बघून जनावर पसंत करणारे जास्त तुमच्यातलेच असतात आणि फोटोत जनावराची चाल दिसत नाही.

सांगायचं एवढंच: आधी पाय, मग रंग. शिंगं आणि उंची त्याच्याही नंतर.

मी पंचविशीत होतो. पशुसंवर्धनाची पदविका नुकतीच हातात आली होती. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला जत्रा भरते, तिथे मामा मला बरोबर घेऊन गेले. गावच्या डांगी जातीच्या गाईंसाठी वळू घ्यायचा होता. घोंगड्यांच्या दुकानांमागे बैलबाजार भरलेला. तिथे एक दोन दाती गोऱ्हा उभा होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, रुंद छाती, मान अशी उचललेली की येणारा-जाणारा थांबत होता. मी तर हललोच नाही तिथून.

मामांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. हेड्याकडून, म्हणजे गुरांच्या दलालाकडून, पाण्याची बादली मागितली, पायवाटेच्या धुळीवर ओतली आणि म्हणाले, "चालव त्याला यावरून." गोऱ्हा चालला. मामा उकिडवे बसले आणि ओल्या मातीतले ठसे बोटांनी मोजायला लागले. "हे बघ, भाच्या. मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडायला पाहिजे. हा चार बोटं मागे पडतोय." मग गोऱ्ह्याच्या मागे गेले. मागचे पाय खांबासारखे सरळ होते, घोट्याच्या सांध्याला बाकच नव्हता. "दणका बसला तर जिरणार कुठं?"

मी वाद घातला. छाती दाखवली, पाठ दाखवली, पुस्तकातलं बोललो. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि शिकलेल्या भाच्याचा मान राखला. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला.

वर्षभर सगळं बरं चाललं. तिसऱ्या पावसाळ्यात मागचा सांधा सुजला. गाईवर चढताना वळूचा सगळा भार मागच्या पायांवर येतो. हा चढायचा आणि लगेच उतरायचा. पुढे उठेनासा झाला. त्याची वासरंही तशीच निघाली. एक कालवड तर उभी राहिली की काठ्यांवर उभी असल्यासारखी दिसायची. गावात पाच घरी ती पैदास गेली होती.

मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या जत्रेत फक्त बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पाणी तू ओत."

तर मंडळी, आधी पाय. मागून बघा, घोटे आत वळून एकमेकांना लागत नाहीत ना. बाजूने बघा, पाय कोयत्यासारखा फार वाकलेला नको आणि खांबासारखा सरळही नको. खुराची नखी पिळवटून आत वळत असेल तर तो वळू सोडा, हा दोष पिढीत उतरतो. आता आपल्याकडे गोठ्याला सिमेंटचा गुळगुळीत कोबा करायची हौस आली आहे. माझं स्पष्ट मत आहे, त्या कोब्याने चांगली जनावरं अधू होतात. निदान रबरी मॅट तरी टाका.

मग जबडा. गुरांना वर पुढचे दात नसतात; खालचे दात वरच्या हिरडीला नीट भिडले पाहिजेत. जबडा पुढे किंवा मागे असेल तर चरणं जमत नाही. अंड दोन्ही खाली उतरलेले आणि सारखे हवेत. एकच उतरलं असेल तर वळू म्हणून ठेवू नका.

काही दोष मात्र डोळ्यांना दिसतच नाहीत. अमेरिकेत मांसासाठी अँगस जातीची गुरं पाळतात. तिथे पाय आणि कणा वाकडा झालेली मेलेली वासरं जन्मतात, हे 2008 मध्ये उघड झालं. मूळ सापडलं एका नावाजलेल्या वळूच्या वंशात. त्याचं वीर्य सगळीकडे वापरलं होतं. तो स्वतः धडधाकट होता! दोष आई-बाप दोघांकडून आला तरच बाहेर पडतो. दोघांच्या अंगात तो लपलेला असेल तर सरासरी चारांत एक वासरू तसं निघतं.

आपल्या गावात हेच घडतं, फक्त कोणी मोजत नाही. एकच वळू दहा वर्षं राहतो आणि त्याच्याच कालवडी त्याच्याखाली जातात. लेकी माजावर यायच्या आत वळू बदला. पुन्हा सांगतो, लेकी माजावर यायच्या आत.

आणि डांगी सोडू नका हो. तेलकट कातडं, काळे टणक खूर, आपल्या धो धो पावसात भाताच्या खाचरात टिकणारं हे जनावर. दुधाच्या आकड्याला भुलून ते घालवलं तर परत कुठून आणणार?

कृत्रिम रेतन करत असाल तर डॉक्टरांना वळूचा नंबर विचारा. वीर्याच्या कांडीवर छापलेला असतो. मान्यताप्राप्त वीर्यकेंद्रांत वळूंची काही आनुवंशिक दोषांसाठी तपासणी होते, पण तुमच्या कालवडीचा बाप कोण, हे तुम्हालाच ठेवायला लागेल. वही हरवते. गोठ्याच्या भिंतीवर गेरूने लिहा: गाईचं नाव, तारीख, वळूचा नंबर. नमस्कार.