सुपात मांडलेलं २०६०

(दृश्य: पहाट. गावाबाहेरचा थांबा. धुक्यात बसचे दिवे.)

शहादा तालुका, जिल्हा नंदुरबार. डिसेंबर महिना, सहाला दहा कमी. मागे सातपुड्याची काळी रेघ, पुढे पपईच्या बागा आणि थांब्यावर तोंडाला स्कार्फ बांधून उभ्या अकरा मुली.

येणारी बस निळी आहे. मानव विकास कार्यक्रमातली, शाळकरी मुलींसाठीची. गावात हे सरकारी नाव कुणाच्या तोंडी नाही. ‘पोरीस्नी गाडी’ म्हणतात. आठवी ते बारावीच्या मुलींना हिच्यात तिकीट पडत नाही.

(दृश्य: अंगण. आजी, आई, नात. मध्ये सूप.)

या अंगणात तीन पिढ्या बसल्या आहेत. आजीला शाळेचं विचारलं तर ती हसते. “शाळाना उंबरठा बी नही देखा मी.” रेशनच्या दुकानात आजही अंगठा. आई सातवी झालेली. गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि आठवीची शाळा पाच किलोमीटरवर. घरातून कुणाचा विरोध होता का, असं आम्ही तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: पाच किलोमीटर. नात बारावी सायन्सला आहे.

गावातल्या बायकांचं शिक्षण सुपात दाण्यांनी मांडायला नातीला आम्हीच सांगितलं, हे कबूल करून टाकलेलं बरं. पण मांडणी तिची आहे.

(दृश्य: सूप, वरून. हात दाणे ठेवतोय.)

काळा उडीद म्हणजे शाळेत न गेलेली बाई. ज्वारी म्हणजे सातवीपर्यंतची. गहू, दहावी-बारावी. हरभरा, पदवीधर. सगळ्यात वरच्या ओळीत म्हाताऱ्या, मग दर पाच वर्षांची एक ओळ, अशी खाली पंधरा ते एकोणीसच्या मुलींपर्यंत. वर बघा, जवळजवळ सगळा उडीद. मधे ज्वारी. खाली गहू, आणि तुरळक हरभरा.

आता पाच वर्षं पुढे जाऊ. प्रत्येक ओळ एक घर वर सरकते. वरच्या ओळींतले काही दाणे सुपातून काढून घ्यायचे, ते मृत्यू. कुणी गाव सोडलं, कुणी लग्न होऊन आली, तेवढे दाणे कमी-जास्त करायचे. खालून एक नवी ओळ येते. दाणा मात्र बदलत नाही. पंचविशी ओलांडलेली ज्वारी पुढे सहसा गहू होत नाही, ती ज्वारीच राहून वर सरकते.

एवढंच करायचं, पण जगातल्या प्रत्येक देशासाठी. ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या लॅक्सेनबुर्गमध्ये एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथले लोकसंख्याशास्त्रज्ञ वोल्फगांग लुत्झ, नेपाळचे समीर के. सी. आणि त्यांचे सहकारी वय, लिंग आणि शिक्षण असे तिन्ही रकाने एकत्र धरून २१०० सालापर्यंतचे अंदाज मांडतात. ऐकताना ज्योतिष वाटतं. पण २०६० साली पन्नाशीत असणाऱ्या बायका आत्ता या बसमध्ये बसल्या आहेत, त्यांचं ज्योतिष कशाला पाहायचं? त्यांच्या दाण्याचा रंग पुढच्या पाच-सात वर्षांत ठरून जाईल.

खरा अंदाज फक्त खालच्या, अजून न मांडलेल्या ओळींचा. त्यासाठी संशोधक वेगवेगळ्या वाटा धरतात. एक: आज जितक्या मुली पुढे जातात, तितक्याच जात राहतील. दुसरी: इतर देशांच्या अनुभवाप्रमाणे वाढ होत जाईल. तिसरी: दक्षिण कोरियासारख्या देशांनी गाठला तो वेग गाठायचा. २०३० मध्ये या तिन्ही रेघा एकमेकींना चिकटलेल्या असतात, कारण वरच्या ओळी तिन्हींत त्याच असतात. फाटा दिसायला वीस-तीस वर्षं जातात. एवढी कळ निवडणुकीच्या हिशेबात बसत नाही, असो.

(दृश्य: आईचे हात, गव्हाची ओळ.)

सुपातलं हे सरकणं सरकारी आकड्यांतही दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी दहा किंवा अधिक वर्षं शिकलेल्या २०१५-१६ मध्ये ४२ टक्के होत्या. २०१९-२१ मध्ये ५०.४ टक्के. मधल्या काळात फारशा प्रौढ बायका वह्या घेऊन शाळेत जाऊन बसल्या नव्हत्या. वरून उडदाची ओळ पन्नाशीपलीकडे गेली, खालून गव्हाची आली.

नंदुरबारचा ताळा मात्र जुनाच. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी. राज्याची ८२. त्यानंतर जनगणना झालीच नाही, आता २०२७ ची वाट बघायची. म्हणजे अंगणातल्या नातीची गणती अजून पाळण्यातलं पोर म्हणूनच आहे.

(दृश्य: जळगाव. विद्यापीठाचं प्रवेशद्वार.)

खानदेशचं विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. निरक्षर बाईच्या नावाचं विद्यापीठ, हे वाक्य इथल्या प्रत्येक भाषणात येतं, आम्हालाही टाळता आलं नाही. लॅक्सेनबुर्गच्या तक्त्यात बहिणाबाई पहिल्या रकान्यात बसतील: शिक्षण नाही. त्या रकान्यात आणखी किती ओव्या होत्या, कोण जाणे. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी लिहून घेतल्या, म्हणून राहिल्या.

(दृश्य: बस, आतून. खिडकीबाहेर केळी, कापूस.)

शिकलेल्या बाईचं लग्न उशिरा होतं, मुलं कमी होतात, दगावतात कमी. हे देशोदेशी दिसलेलं आहे.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलंच केलं. पण निळी गाडी बारावीपर्यंतच. येत्या जूनपासून अंगणातल्या नातीला त्याच थांब्यावर, त्याच वेळी, त्याच शहाद्याला जायचं असेल, तर गाडीचा हक्क संपलेला असेल. गहू आणि हरभरा यांच्यामध्ये या गावात जे अंतर आहे, ते आम्हाला तरी फीचं दिसलं नाही. तिच्या आईनं सांगितलेलं तेच दिसलं, फक्त किलोमीटर वाढलेत.

(दृश्य: अंगण. उतरतं ऊन.)

चित्रीकरण संपल्यावर आजीनं सूप पुढ्यात ओढलं. धान्य सगळं एकात एक झालेलं.

“उडीद निवडीसन दे,” ती नातीला म्हणाली, “डाळ करनी शे.”

दाणे वेगळे करायला अर्धा तास गेला. तेवढ्यात संध्याकाळची गाडी मुलींना उतरवून परत गेली.