रोजच्या फडक्याच्या रेघा

इंदूरचं लोकमान्य नगर. सकाळी लवकर गाड्या पुसणारी पोरं येतात. एक बादली, एक फडका आणि ओळीनं उभ्या गाड्या. रात्री बसलेली माळव्याची धूळ आधी कोरडीच झटकायची, मग ओला हात फिरवायचा. गाडी लखलखते. दुपारी ऊन बॉनेटवर आलं की त्याच लखलखाटात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसू लागतात.

(काळं बॉनेट. टॉर्च हळूहळू सरकतो.)

आता नीट बघा. टॉर्च डावीकडे नेला, जाळंही डावीकडे. उजवीकडे नेला, तेही उजवीकडे. म्हणजे रंगावर गोल असं काही कोरलेलंच नाही. रेघा सगळ्या दिशांनी पडल्यात. पण उजेडाच्या ठिपक्याला ज्या वळसा घालतात, तेवढ्याच डोळ्यांकडे प्रकाश फेकतात आणि त्यांचं मिळून कडं भासतं. ‘पोरगा गोल हात फिरवतो म्हणून असं झालं’ ही तक्रार त्यामुळे फारशी टिकत नाही. दोष फडक्यात अडकलेल्या वाळूच्या कणांचा.

या रेघा असतात क्लिअर कोटवर. रंगावरचा हा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. उन्हापासून रंगाला तोच वाचवतो. पॉलिशनं रेघ भरत नाही. तिच्या आजूबाजूचा थर घासून तिच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. दर दिवाळीला हौसेनं ‘रबिंग’ करून घेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

(गाडी सावलीत. काका आणि पुतण्या.)

“अरे, नख फिरवून बघ आधी.”

“अडकत नाहीये, काका.”

मग काम घरी होण्यासारखं आहे. नख अडकलं असतं, तर ती रेघ घालवायच्या नादाला लागू नये.

गाडी शाम्पूनं धुवायची, दोन बादल्या घेऊन: एकीत फेस, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. पत्रा गार हवा. तळहाताला खरखर लागली तर भरपूर ओलावा ठेवून क्ले बार, म्हणजे चिकटलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवायचा. रबराच्या पट्ट्यांना आणि पत्र्याच्या कडांना मास्किंग टेप; कडेवर थर आणखी पातळ असतो.

आधी दीड फुटाचा एकच चौकोन. फोमच्या पॅडवर बारीक फिनिशिंग पॉलिशचे तीन-चार थेंब, हलका दाब, आडवे-उभे हात. हातानं दंड भरून येतात, हे काकांच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. ड्युअल ॲक्शन मशीन मिळालं तर सोपं. ते फिरता फिरता डगमगतं, म्हणून एका जागी तापवत नाही. एकाच अक्षावर गरगरणारं रोटरी मशीन मात्र नवख्यानं हातात धरू नये.

फडक्यावर गाडीचाच रंग उतरला तर तिथंच थांबायचं: एक तर गाडीला क्लिअर कोट नाही, नाहीतर आपण तो पार केलाय.

“काका, गेल्या की रेघा!”

“थांब जरा.”

काका बरोबर आहेत. पॉलिशमधलं तेल रेघांत बसून त्या लपवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसलं की खरं रूप दिसतं. अजून काही रेघा आहेत. एक हात आणखी चालेल. त्यानंतरही ज्या उरतील त्या राहू द्याव्यात. शेवटच्या चार रेघांपायी थर झिजवण्यात शहाणपण नाही. चौकोन जमला की तसंच पुढे, एकेक पत्रा, आणि शेवटी वॅक्स.

उद्या सकाळी पोरगा पुन्हा येणार. काकांनी त्याला स्वच्छ मायक्रोफायबरचे फडके दिलेत आणि सांगितलंय: आधी पाण्यानं धूळ वाहू दे, मग हात लाव, फडका खाली पडला तर तो आता टायरचा. नर्मदेचं पाणी नसेल त्या दिवशी गाडी मळकीच राहू दे.