सिरीजचा बल्ब

(दृश्य: नागपूरच्या इतवारीतली गल्ली, रस्त्यावर मांडलेले कूलर)

एप्रिल लागला की या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. पत्र्याच्या टाक्या, उघड्या मोटारी, जुन्या ताट्यांचा भुसा. ऊन किती आहे ते मात्र कॅमेऱ्यात येत नाही.

(जवळून: लाकडी फळी, होल्डर, बल्ब)

ही फळी बघा. सिरीज बोर्ड. दुकानात आलेली मोटार थेट २३० व्होल्टला लावायची नाही. मध्ये हा १०० वॉटचा बल्ब.

दुरुस्तीवाले काका पहिली मोटार जोडतात. बल्ब मंद पेटला. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, शाबूत आहे, ते करंटला अडवतंय. व्होल्टेज दोघांत वाटलं गेलं.

दुसरी. बल्ब भक्कन पेटला. "कॉइल शॉर्ट हाये नं भाऊ." मोटारीत अडवणारं काही उरलंच नाही, सगळं व्होल्टेज एकट्या बल्बवर.

तिसरी. अंधार. तार कुठेतरी तुटलीय.

नववीच्या पुस्तकात हे एका ओळीत आहे: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध, म्हणजे अडवणूक. ही ओळ शोधणारे जॉर्ज ओहम जर्मनीत कोलोनला शाळामास्तर होते. त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजता मोजता उतरायचं. मग त्यांनी बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. व्होल्टेज थाऱ्यावर आलं. कमीजास्त लांबीच्या तारा लावून, टांगलेली चुंबकसुई परत जागेवर आणायला टांगणी किती पिळावी लागते ते मोजत बसले. साल १८२६.

(जवळून: मल्टिमीटर)

आता तोच बल्ब, थंड. साधारण ४० ओहम. या हिशेबानं ६ अँपिअरच्या आसपास करंट यायला हवा. पेटल्यावर वाहतो अर्ध्या अँपिअरहून कमी. टंगस्टन तापलं की रोध ५०० ओहमच्या वर जातो. ओहमच्या त्या ओळीला जोडलेली 'तापमान कायम असेल तर' ही अट परीक्षेत आपण सगळ्यांनीच घोकून लिहिलीय.

ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो, आणि पत्र्यात फेज आली तर ०.२३ अँपिअर, दर उन्हाळ्यात माणसं जातात ती यानंच.

(जवळून: हिरवी वायर)

ही अर्थिंगची वायर, पत्र्यात आलेला करंट जमिनीत नेणारी. या कूलरची कुणीतरी कापून टाकली होती. काका टाकीवरचा रंग खरवडतायत, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. रंगावरच स्क्रू आवळला तर मध्ये रोध राहतो. वॉशर. स्क्रू. अजून अर्धा फेरा.

मल्टिमीटरचं एक टोक टाकीला, दुसरं प्लगच्या जाड पिनेला.

०.२ ओहम.