सोळास एक : घरी बांधलेल्या मिनी बाईकची गोष्ट

[दृश्य : वागळे इस्टेट, ठाणे. सकाळ. एका गाळ्याचे शटर वर जाते.]

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि महामंडळाची पहिली वसाहत ठाण्यात, याच वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. मोठ्या कारखान्यांच्या जागी आज काचेच्या इमारती दिसत असल्या, तरी आतल्या गल्ल्यांमध्ये लेथ, शेपर आणि वेल्डिंगचे छोटे गाळे अजून सुरू आहेत. त्यांपैकी हा गाळा माझ्या धाकट्या मामांचा आहे. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या आजोळी थोरले मामा भातशेती करतात. या दोन भावांच्या मध्ये उभी राहिलेली ही गाडी आहे.

खाचरापासून खळ्यापर्यंतचे अंतर जेमतेम सातशे मीटर आहे, पण त्यात एक ओढा, एक अरुंद बांध आणि माळावरचा एक उभा चढ येतो. बैलजोडी विकून आता बरीच वर्षे झाली. ट्रॅक्टर बांधावरून जात नाही, आणि नेहमीची मोटारसायकल मुरमाच्या चढावर मागचे चाक नुसते फिरवत राहते. भाताचे भारे डोक्यावरून आणायचे, आणि आश्विनात पीक पोटरीतून बाहेर पडले की रानडुकरांसाठी रात्रीची राखण करायची, त्यासाठी पाणी, अंथरूण आणि कंदील पुन्हा त्याच वाटेने वर न्यायचे. गेल्या वर्षी थोरल्या मामांचे गुडघे दुखू लागले आणि धाकट्यांनी ही गाडी मनावर घेतली.

[दृश्य : कागदावर पेन्सिलीने काढलेला सांगाडा. शेजारी गुण्या आणि ओळंबा.]

अशी गाडी कशी असावी, याचे उत्तर आम्हाला दूरवरच्या शिकाऱ्यांच्या इतिहासात सापडले. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत हरणाच्या व एल्क नावाच्या मोठ्या सांबरासारख्या जनावराच्या शिकारीला परवाने मिळतात, आणि तिथे शिकाऱ्यापुढचा खरा प्रश्न जनावर मारल्यानंतर सुरू होतो, कारण ते जड मांस रस्ता नसलेल्या दरीतून वर आणावे लागते. याच गरजेतून १९५०च्या दशकाच्या अखेरीस युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी राल्फ बोनहॅम यांनी ‘टोट गोट’ नावाची बुटकी, जाड टायरांची गाडी बनवून विकायला सुरुवात केली. अशाच ‘रोकॉन’ या दुसऱ्या गाडीत पुढचे आणि मागचे अशी दोन्ही चाके इंजिनाला जोडलेली असतात, आणि तिची चाके आतून पोकळ असल्यामुळे त्यांत पाणी किंवा इंधन भरून नेता येते.

मला मात्र त्या सगळ्यांत आयडाहोमधल्या बॉयझी शहराच्या हर्ब उल या विक्रेत्याची हकिगत सर्वांत मोलाची वाटते. उल यांनी होंडाच्या ५० सीसीच्या साध्या गाडीला नक्षीदार टायर लावले आणि मागच्या चाकावर पुष्कळ मोठे स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, बसवले. इंजिनाला त्यांनी हातही लावला नाही. गाडीचा वेग उतरला, पण ती डोंगर चढू लागली, आणि शिकारी व मासेमार ती घेऊन जाऊ लागले. होंडा कंपनीने ही गोष्ट हेरली आणि १९६१ मध्ये त्याच धर्तीची ‘ट्रेल ५०’ स्वतःच बाजारात आणली. एका विक्रेत्याने बदललेल्या दात्यांच्या संख्येतून गाड्यांचा एक प्रकारच जन्माला आला, हे मी मामांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला आणि म्हणाले, “बरोबरच आहे. आपल्यालाही पळवायची नाही, ओढायची आहे.”

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. मुरबाडच्या पूर्वेला भीमाशंकर अभयारण्याची हद्द लागते; तिथे ही गाडी जाणार नाही, हे आम्ही कामाच्या पहिल्याच दिवशी ठरवले. शिकारीच्या गाडीतून आम्ही फक्त तिची चढण्याची आणि ओझे वाहण्याची ताकद उचलली आहे.

[दृश्य : पाईप वाकवण्याचे यंत्र. पाईपच्या तोंडातून वाळू ओतली जाते.]

सांगाड्यासाठी २५ मिलीमीटर व्यासाचा आणि २ मिलीमीटर जाडीचा लोखंडी पाईप घेतला. असा पाईप तसाच वाकवला तर वळणावर आतल्या बाजूने चेपतो, म्हणून त्यात कोरडी बारीक वाळू ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारल्या आणि मग तो यंत्रावर सावकाश वाकवला. दोन पाईप जिथे मिळतात, तिथे एकाचे तोंड माशाच्या तोंडासारखे कापून दुसऱ्यावर बसवावे लागते. फट राहिली तर ती वेल्डिंगने भरता येते, पण भरलेली फट पुढे कधीतरी तडकतेच, म्हणून मामा कानशीने घासून प्रत्येक सांधा उजेडासमोर धरत आणि आरपार प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासत.

सगळे सांधे आधी नुसते टाचून घेतले. वेल्डिंगचा जोड थंड होताना आकसतो आणि पाईपला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे एका बाजूचे काम सलग संपवले की सांगाडा केळ्यासारखा वाकलेला निघतो. मामांनी एक बोटभर जोड डावीकडे, एक उजवीकडे, मग वर, मग खाली, असे करत दोन दिवस घेतले. हँडलजवळची नळी, तिच्यातला कोनसेट (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगचा संच) आणि पुढचे फोर्क एका निकालात निघालेल्या मोटारसायकलचे आहेत. मागच्या बाजूला शॉकअप नाहीत. ते काम कमी हवेचे टायरच करतात.

टायरांचा प्रश्न रिक्षाने सोडवला. आपल्या तीनचाकी रिक्षाला ४.००-८ मापाचे टायर असतात, आणि त्याच मापाचे खोल नक्षीचे टायर पॉवर टिलरसाठीही मिळतात. रिक्षाची रिम दोन अर्ध्या भागांची, बोल्टने जोडलेली असते. तिच्या मधोमध लेथवर कातलेला हब बसवून एका बाजूला स्प्रॉकेट आणि दुसऱ्या बाजूला स्कूटरची ब्रेक डिस्क लावली. रस्त्याच्या रिमवर शेताचा टायर चढला. चाकाचा व्यास सुमारे ४२ सेंटीमीटर भरतो, म्हणजे एका फेऱ्यात गाडी साधारण १३२ सेंटीमीटर पुढे जाते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे.

इंजिन फवारणी संचाचे आहे : १६३ सीसी, चार स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणारे. पाणी उपसण्याच्या पंपांवरही असेच इंजिन असते, पण त्यांपैकी काहींच्या शाफ्टला आटे पाडलेले असतात आणि त्यावर क्लच बसत नाही; चावीची खाच असलेला सरळ शाफ्टच शोधावा लागतो. अशा इंजिनावर वेग आवरणारा गव्हर्नर असतो आणि तो मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्यांच्या वर जाऊ देत नाही. वेगाच्या हौसेपायी काही जण तो काढून टाकतात. मी कळकळीने सांगतो, तसे करू नये. त्या वेगासाठी न बनवलेले फ्लायव्हील फुटले, तर त्याचे तुकडे चालवणाऱ्याच्या मांडीजवळूनच सुटतात.

[दृश्य : ऑक्टोबर. मुरबाडजवळचा माळ. टेम्पोतून गाडी उतरवली जाते.]

पहिल्या चाचणीत गाडी सपाटीवर छान धावली. क्लच केंद्रोत्सारी प्रकारचा आहे, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की त्याच्या आतल्या पट्ट्या बाहेर फेकल्या जातात, भोवतालच्या ड्रमला घट्ट धरतात आणि चाक फिरू लागते. इंजिनावरचे स्प्रॉकेट १२ दात्यांचे, मधल्या शाफ्टवरचे ३६; तिथून पुन्हा १४ ते ४२. तीन गुणिले तीन, म्हणजे इंजिनाच्या नऊ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. या हिशोबाने गाडीचा सर्वाधिक वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि तो आम्हा सर्वांना पुरेसा कमी वाटला होता.

मग मागच्या रॅकवर पन्नास किलोचे पोते बांधून मी चढाला लागलो. अर्ध्या चढावर इंजिन ओरडत राहिले आणि गाडी थांबली. जळक्या ब्रेक लायनरचा असतो तसा उग्र वास आला, आणि क्लचच्या ड्रमकडे पाहतो तो त्याचे पोलाद कडेने निळे पडलेले. मामांनी त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. ते टेकताच चर्र करून उडून गेले.

चूक माझ्या हिशोबात होती. मी फक्त वरचा वेग मोजला होता. क्लच पूर्ण पकडायला इंजिनाचा वेग सुमारे २,२०० फेऱ्यांवर जावा लागतो, आणि नवास एक या प्रमाणात तेव्हा गाडी ताशी १९ किलोमीटरने चाललेली असली पाहिजे. ओझे घेऊन त्या चढावर हा वेग येणे शक्यच नव्हते, त्यामुळे पट्ट्या सतत घसरत राहिल्या आणि इंजिनाची सगळी ताकद उष्णतेत गेली.

ओढीचा हिशोबही तेच सांगत होता. या इंजिनाचा पीळ (टॉर्क), म्हणजे शाफ्ट फिरवण्याची ताकद, साधारण १० न्यूटन-मीटर आहे. तो नऊपट होऊन चाकाच्या कडेशी पोचतो तेव्हा सुमारे ४४ किलोची ओढ मिळते, आणि चेन, बेअरिंग व टायर यांत पाव हिस्सा गेला असे धरले तर हातात ३३ उरते. गाडी ५५ किलो, चालवणारा ६५, ओझे ५० : एकूण १७० किलो. ३३ किलोच्या ओढीने हे वजन पाच मीटरला एक मीटर उंची, याहून तीव्र चढ चढू शकत नाही. आमच्या माळाचा चढ दोरी लावून मोजला, तो चार मीटरला एक मीटर भरला.

[दृश्य : पुन्हा गाळा. लोखंडी प्लेटवर कापलेले मोठे, दातेरी चक्र.]

उत्तर हर्ब उल यांचेच होते. पहिल्या टप्प्यात ३६ ऐवजी ४८ दाते आणि दुसऱ्या टप्प्यात ४२ ऐवजी ५६, म्हणजे चार गुणिले चार, सोळास एक. छप्पन्न दात्यांचे स्प्रॉकेट दुकानात मिळत नाही, म्हणून आठ मिलीमीटरच्या प्लेटमधून लेझरवर कापून घेतले. मात्र मागची चेन नेहमीच्या मोटारसायकलची, ४२८ मापाची, आणि तिच्या आतली रुंदी आठ मिलीमीटरला किंचित कमी असते. तेवढ्या जाडीचा दात तिच्यात शिरतच नाही. मामांनी ती प्लेट लेथवर धरून दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उतरवली, दात्यांच्या कडा तिरप्या केल्या, आणि दर वेळी चेनचा एक तुकडा हाताने दात्यावरून ओढून पाहिला. तो कुठेही न अडकता, एकसारखा टक-टक आवाज करत फिरला तेव्हाच त्यांनी लेथ बंद केला.

आता वरचा वेग ताशी जेमतेम १८ किलोमीटर राहिला, पण क्लच ११ किलोमीटरच्या वेगाला पूर्ण पकडतो, आणि घट वजा जाता ओढ ५८ किलोच्या जवळ जाते. एवढ्या ओढीवर कोरड्या जमिनीत तीन मीटरला एक मीटर चढता येते. याहून अधिक चढ आम्हाला नकोच होता, कारण या इंजिनात तेल पंपाने फिरत नाही, ते आतल्या आत उडवले जाते, आणि इंजिन वीस अंशांहून अधिक कलले की तेल पोचेनासे होते. तिनास एक हा चढ साधारण अठरा अंशांचा. गाडीची ओढ आणि इंजिनाचे तेल यांच्या मर्यादा इतक्या जवळ आल्या, हे पाहून मला फार बरे वाटले.

सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी जाळी बसवली आहे. अमेरिकेच्या सरकारी जंगलांत ती सक्तीची असते. आपल्याकडे कुणी विचारत नाही, पण दिवाळीनंतर आमच्या माळावरचे गवत एका ठिणगीने पेट घेईल इतके वाळते. चेनवर पत्र्याचे झाकण आहे, कारण शेतात लहान मुले असतात आणि धोतर, साडी, पंचा यांतले काहीही चेनमध्ये जाऊ शकते.

ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार रस्त्यावरच्या वाहनाची नोंदणी लागते, आणि त्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून त्या नमुन्याची तपासणी व्हावी लागते. चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला कायद्याने सूट आहे, पण आमचे इंजिन त्याच्या सहापटीहून मोठे. म्हणून ती ठाण्याहून टेम्पोतून आली आणि आता घरच्या शेतातच राहील.

[दृश्य : नोव्हेंबर. कापणी झालेले खाचर. रॅकवर भाताचे भारे बांधलेले.]

या वेळी थोरले मामा स्वतः बसले. त्यांनी आयुष्यात मोपेडशिवाय काही चालवले नव्हते, आणि इथे गिअर नसल्यामुळे त्यांना वेगळे काही शिकावेही लागले नाही. चढाच्या पायथ्याला सपाटीवरच त्यांनी पूर्ण रेझ दिली, क्लचने पकड घेतली, आणि गाडी एकाच आवाजात, सायकलीच्या संथ चालीने वर चढू लागली. धाकटे मामा एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने भाऱ्यांना हात लावून जवळजवळ धावत होतो. मुरमावर मागच्या टायरची नक्षी उमटलेली दिसत होती, एकसारखी, न घसरलेली.

खळ्यावर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केले आणि पेट्रोलचा कॉक फिरवला. धाकट्या मामांनी वाकून आधी ड्रमजवळ हात धरला, मग बोट टेकवले, आणि ते तिथेच राहू दिले.

“कोमट आहे,” ते म्हणाले.

थोरल्यांनी भारे सोडायला सुरुवात केली होती. “अजून चाळीस भारे खाली आहेत,” ते म्हणाले, “दोरी घे, चल.”